पूर्वेतल्या बायका फार पडतात

बहीण : मग पडतात तरी कशा एवढ्या, दादा? मला तेवढंच सांग.

दादा : कोण पडतं?

बहीण : तुमच्या पूर्व विभागातल्या बायका. वय वीस ते पन्नास, वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. कुणाचा हात मोडलाय, कुणाचे दात पडलेत, कुणाच्या डोक्याला खोक. सरकारी इस्पितळांचे आकडे मागवले मी. उत्तर विभागातही जवळपास तेवढ्याच बायका येतात. पण तिथे निम्म्याहून जास्त जणींच्या नावापुढे मारहाण नाहीतर लूटमार लिहिलेलं आहे. तुमच्याकडे सगळ्या पाय घसरून पडलेल्या.

दादा : आमचे रस्ते खराब आहेत.

बहीण : उत्तरेतले जास्त खराब आहेत. तेही बघितलं.

दादा : रविवारच्या सुट्टीत चार तास बसमध्ये धक्के खात हे विचारायला आलीस? मला वाटलं, बहिणीला भावाची आठवण झाली.

वहिनी : चहा घे गं आधी. आणि अहो, तो पेपर ठेवा खाली. मघापासून एकच पान धरून बसलाय.

दादा : वाचतोय मी.

वहिनी : वाचणाऱ्याचे डोळे हलतात.

दादा : हे बघ, तू राजधानीत बसून तक्ते करतेस. देशाच्या पाचही विभागांतले गुन्हे दर वर्षी शेजारी शेजारी मांडतेस. आपला विभाग तीन वर्षं सगळ्यांत शांत, हे छापलं कुणी? तूच. मला फोन करून म्हणाली होतीस, दादा, तुमच्या ठाण्याचं नाव झालं.

बहीण : म्हणाले होते. तेव्हा मी फक्त बेरजा तपासत होते.

दादा : आणि आता?

बहीण : आता भागाकार केला. बाकीच्या विभागांत एका खुनामागे चाळीसेक मारहाणीच्या नोंदी असतात. कुठे अडतीस, कुठे पंचेचाळीस. तुमच्याकडे सहा. खून मात्र तुमच्याकडे इतरांएवढेच. म्हणजे पूर्वेतला माणूस शिवी देत नाही, हात उगारत नाही, कुणाला ढकलत नाही. उठतो आणि थेट जीवच घेतो. पटतं तुला हे?

दादा : खून लपवता येत नाही. प्रेत असतं ना.

बहीण : बाकीचं लपवता येतं?

दादा : मी तसं म्हणालो नाही.

वहिनी : म्हणालात.

बहीण : चोरीचंही तेच. घरफोड्या, पाकीटमारी, हिसकावणं, सगळ्यात पूर्व विभाग तळाला. पण वस्तू हरवल्याच्या नोंदी बघ. बाकीचे चार विभाग मिळून नऊ हजार. तुम्ही एकटे चौदा हजार. मारहाण नाही, चोरी नाही, फक्त माणसं पडतात आणि वस्तू हरवतात.

दादा : झालं तुझं? जेवायचं बघू आता.

बहीण : नाही झालं. शुक्रवारी माझ्या टेबलावर एक पत्र आलं. सरकारी वकिलाचं. गोदामांच्या मागच्या रस्त्यावर गेल्या तीन वर्षांत लुटीची किंवा मारहाणीची एकही नोंद नाही, असा दाखला द्यावा. खाली ठाण्याचं नाव होतं. तुझं ठाणं. इस्पितळाच्या धुलाईतल्या त्या मुलीचा तिथे खून झाला ना, त्या खटल्यासाठी.

वहिनी : माझ्या इस्त्रीवालीच्या?

बहीण : ती तुझ्या हाताखाली होती?

वहिनी : चार वर्षं. मी धुलाईची मुकादम, ती इस्त्रीच्या टेबलावर. सव्वीस वर्षांची. दिवसाला दोनशे चादरी काढायची आणि वर गुणगुणायची. हा दाखला कशाला पाहिजे त्यांना?

बहीण : नवऱ्यावर खटला आहे ना, तो पक्का करायला. वकिलाचं म्हणणं असं की त्या रस्त्यावर कधी काही घडतच नाही. मग बाहेरचा माणूस येईल कुठून? आदल्या दिवशी नवराबायकोचं भांडण शेजाऱ्यांनी ऐकलेलं. त्या वेळी तो कुठे होता हे सांगणारं कुणी नाही, तान्ही मुलगी सोडली तर. माझी सही झाली की त्याच्या सुटकेची शेवटची फटही बुजली.

दादा : मग कर सही. नोंद नाही हे खरंच आहे.

बहीण : नोंद नाही हे खरं आहे. मी नोंदीचं विचारत नाहीये. घडलं होतं का, ते विचारतेय.

दादा : तुझं काम नोंदीचं. माझंही नोंदीचं. तीस वर्षं मी पोलीस ठाण्याच्या पहिल्या टेबलावर बसून फिर्यादी लिहितोय. घडलं काय हे ठरवणारा मी कोण?

वहिनी : तुम्ही कोण? सांगू का मी हिला, तुम्ही कोण ते?

दादा : तू मध्ये पडू नकोस.

वहिनी : तेच म्हणतेय. मी पडलेच नव्हते.

बहीण : वहिनी?

वहिनी : तुला काय सांगितलं होतं ह्यांनी, माझ्या खांद्याचं?

बहीण : धुलाईच्या पायऱ्यांवरून घसरलीस म्हणून. ओल्या पायऱ्या होत्या. मागच्या थंडीत.

वहिनी : त्या पायऱ्यांवरून मी एकवीस वर्षं ओल्या चादरींची टोपली घेऊन चढउतार करतेय. डोळे मिटून उतरेन. मला गोदामांमागे धरलं एकानं. पाठीमागून आला, पिशवी ओढली. मी सोडली नाही, म्हणून भिंतीवर आपटलं. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. वाळकी काडी मोडावी तसा. मी तशीच चालत ठाण्यात गेले. म्हटलं, आपलाच माणूस आहे टेबलावर.

दादा : पुरे.

वहिनी : ह्यांनी खुर्ची दिली. पाणी दिलं. मग दार ढकलून घेतलं, कागद ओढला आणि लिहिलं, कामाच्या ठिकाणी पायऱ्यांवरून पाय घसरून पडल्यानं दुखापत. दुसऱ्या कागदावर लिहिलं, पिशवी गहाळ. मला म्हणाले, हो म्हण, नंतर बघू. उजवा हात उचलत नव्हता. डाव्या हाताचा अंगठा दिला मी.

बहीण : दादा.

दादा : काय दादा?

बहीण : स्वतःच्या बायकोचं?

दादा : त्या महिन्यात आमचा आकडा अकरा होता. बारावा झाला असता.

बहीण : बारावा झाला असता तर काय झालं असतं?

दादा : तुला नाही कळायचं. तू कागद पाठवून मोकळी होतेस. तुझा तो तक्ता इथे काय करतो, कधी विचारलंस? महिन्याच्या बैठकीत मोठे साहेब तो भिंतीवर लावतात. लाल, पिवळा, हिरवा. ज्या ठाण्याचा आकडा चढला त्याच्या माणसांना उभं करतात. शाळेत करतात तसं. मी पन्नास ओलांडलेला माणूस, केस पिकलेले, आणि पाऊण तास उभा. कालची पोरं खाली बसून बघतायत. कुणी सांगत नाही गं, की खोटं लिहा. तसा एक शब्दही कुणी कधी उच्चारलेला नाही. पण एकदा उभं राहिलं ना, की पुढच्या महिन्यात हात आपोआप तसा वळतो.

बहीण : कसा वळतो? मला नीट सांग. मला कळलं पाहिजे.

दादा : सोपं आहे. माणूस येतो, म्हणतो, मला मारलं आणि पाकीट नेलं. हे जसंच्या तसं लिहिलं तर लूट. लूट हिंसक गुन्ह्यात मोजतात. तुझ्या पहिल्या रकान्यात. मारलं हे सोडून दिलं तर साधी चोरी, दुसरा रकाना. पण तेच दोन कागदांवर फोडलं, एकावर पडून इजा आणि दुसऱ्यावर पाकीट गहाळ, तर गुन्हाच उरत नाही. दोन्ही रकाने स्वच्छ. माणूस दवाखान्याचा कागद घेऊन जातो, नव्या ओळखपत्रासाठी हरवल्याचा कागद घेऊन जातो. वाचत कुणी नाही. घरी जायची घाई असते.

बहीण : आणि मी तेच कागद मोजले. त्यावर टिपण लिहिलं, की पूर्व विभागात गस्तीची गरज कमी, गाड्या उत्तरेला हलवाव्यात. मंजूर झालं ते.

वहिनी : गोदामाजवळची चौकी त्यातच उठली का?

बहीण : हो. एकोणीस चौक्या उठल्या. माझ्या टिपणात पानाच्या शेवटी यादी होती. मी ती यादी वाचलीही नव्हती.

वहिनी : तिथला दिवाही त्यानंतर कुणी बदलला नाही. पोलीसच नाहीत म्हटल्यावर कोण बदलतं?

दादा : झालं ते झालं. आता हे उकरून काय मिळणार? मला सात महिने राहिलेत निवृत्तीला.

वहिनी : आणि त्याला किती राहिलेत? इस्त्रीवालीच्या नवऱ्याला?

दादा : त्याचं कोर्ट बघेल.

वहिनी : कोर्ट काय बघेल? तुम्ही लिहिलेलं बघेल. ती मुलगी दोनदा आली होती तुमच्याकडे. दोनदा. पहिल्यांदा कामावर आली ती ओठ सुजवून. मी विचारलं तर म्हणाली, गोदामांमागे एकानं मारलं, पर्स नेली, घरी सांगू नका, नोकरी सोडायला लावतील. मीच म्हटलं तिला, ठाण्यात जा, आमचे हे आहेत तिथे, नीट लिहून घेतील.

बहीण : तुझा खांदा तेव्हा मोडून झाला होता?

वहिनी : झाला होता. तीन महिने झाले होते.

बहीण : तरी पाठवलंस?

वहिनी : तरी पाठवलं. मला वाटलं, माझ्या बाबतीत नवरा म्हणून घाबरले असतील. परक्या मुलीचं तरी सरळ लिहितील. असं वाटावं असं मला वाटत होतं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात तोच कागद होता. पर्स गहाळ. अक्षर ओळखलं मी. मी त्या दिवशी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. आणि दुसऱ्यांदा झालं तेव्हा परत तिलाच म्हटलं, जा. कारण दुसरं म्हणणार तरी काय होते?

बहीण : तिनं त्या माणसाचं वर्णन दिलं होतं, दादा?

दादा : अंधार होता.

वहिनी : डावा कान खालून फाटलेला. मला दिसला होता, तिलाही दिसला होता. आम्ही दोघी इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या राहून बोललो होतो हे. कपड्यांना ग्रीसचा वास. डावा कान फाटलेला. नवऱ्याचे कान बघितलेत तुम्ही त्या पोराचे? चांगले धड आहेत दोन्ही.

बहीण : दादा, ती तुला म्हणाली होती का कानाचं?

दादा : चहा गार झाला माझा.

बहीण : दादा.

दादा : पहिल्यांदा आली तो मंगळवार होता. सव्वासात वाजले होते. निळा स्वेटर, एक बटण तुटलेलं. खालचा ओठ आतून फाटला होता, बोलताना रुमाल धरत होती. कानाचं पहिल्यांदा बोलली नाही. दुसऱ्यांदा बोलली. तेव्हा गुरुवार होता, महिन्याची अखेर. आकडा नऊवर होता आणि साहेब म्हणाले होते, एवढा महिना एक आकडी राहू दे. ती म्हणाली, डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे, तोच माणूस, हवालदार, मी ओळखेन त्याला. मी म्हटलं, मोबाईल कुठला होता तुमचा?

बहीण : तुला सगळं आठवतं.

दादा : सगळ्या आठवतात. लिहिलं असतं तर विसरलो असतो.

वहिनी : एवढे दिवस रात्री उठून पाणी पिताय, ते मला काय कळत नव्हतं?

दादा : मी बोललो तर मला आत टाकतील. खोटी नोंद केली म्हणून. पेन्शन जाईल. ह्या घराचं काय, तुझं काय?

वहिनी : माझं मी बघेन. धुलाई आहे ना. एक हात वर जात नाही, दुसरा जातो.

दादा : आणि साहेब? त्यांची बढती झाली, ते गेले वर. ते म्हणतील, मी कुठे सांगितलं होतं असं लिहायला? आणि खरंच, सांगितलं नव्हतं त्यांनी.

बहीण : मी दाखल्यावर सही करणार नाही. पण त्यानं काही होत नाही, माझ्याऐवजी दुसरा कुणी करेल. मी इस्पितळाचे आकडे आणि तुमच्या हरवल्याच्या नोंदी जोडून पाठवते. त्यानं संशय येईल. माणूस सुटणार नाही. आकड्यांना कान नसतात, दादा. कान तुला सांगावा लागेल.

दादा : विचार करू दे मला.

वहिनी : करा. मी उद्या सकाळी त्याच्या वकिलाकडे जाणार आहे. माझं काय झालं ते मी सांगणार. माझ्या कागदावर कुणाची सही आहे तेही विचारतील, तेही सांगणार. तुम्ही आलात तर दोघं जाऊ. नाहीतर मला रस्ता माहीत आहे.

दादा : नवऱ्याविरुद्ध सांगशील?

वहिनी : तुमच्याविरुद्ध काही नाही माझं. बत्तीस वर्षं झाली, असतं तर कधीच सांगितलं असतं. पण त्या मुलीला मी दोनदा पाठवलं तुमच्याकडे. तिसऱ्यांदा तिच्यासाठी मीच जाते.

दादा : किती वाजता उघडतं त्याचं ऑफिस?

बहीण : दहाला.

दादा : साडेनऊला निघू मग. गणवेश घालू नको ना?

वहिनी : साधा शर्ट घाला. मी काढून ठेवते.

(आठ महिन्यांनंतर. फोनवर. दुपारची वेळ.)

बहीण : आवाज असा का येतोय तुझा? बरं नाही का?

दादा : बरा आहे. घरात एकटाच असतो दिवसभर, बोलायची सवय मोडली. तुझी वहिनी कामावर. कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा आता मान वळवतो. ठाण्यातली माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जातात. जाऊ देत. त्यांच्यातल्या चौघांना माझ्यामुळे चौकशीला जावं लागलं.

बहीण : तुझ्या चौकशीचं काय?

दादा : तारखा पडतायत. पेन्शन अडकलेलीच. वकील म्हणतो, जेल होणार नाही बहुतेक. बहुतेक या शब्दावर जोर देतो तो. तुझं काय?

बहीण : मला ग्रंथालयात टाकलंय. जुने अहवाल लावून ठेवायचे. तक्ता आता दुसरा मुलगा करतो. या वर्षी काय झालं ऐकलंस ना?

दादा : पेपरात आलं होतं. पूर्व विभाग सगळ्यांत धोकादायक म्हणून.

बहीण : हिंसक गुन्हे चौपट, चोऱ्या सहापट. तुमच्याकडे नवे साहेब आले ना, त्यांनी येणारा प्रत्येक माणूस जसा सांगेल तसा लिहून घ्यायला लावला. झालं, आकडा चढला. भिंतीवर पूर्व विभाग लाल.

दादा : त्यांची बदली झाली परवा. गुन्हे आवरता आले नाहीत म्हणून.

बहीण : आणि आता?

दादा : आता जे आलेत त्यांनी पहिल्या बैठकीत सगळ्यांना उभं केलं म्हणे.

बहीण : चौकी तरी परत आली का?

दादा : आली. दिवाही लागला. एवढं झालं. आणि तो कानफाट्या धरला, ते तुला कळवलं होतं ना? त्याच गोदामांत हमाली करत होता. तीन वर्षं. कुठे पळाला नव्हता. पळायचं कशाला, कुणी शोधतच नव्हतं त्याला. आम्ही दोघांनी जबाब दिल्यावर आणखी सात जणी आल्या. सातही जणींच्या कागदावर माझं अक्षर.

बहीण : आणि नवरा? सुटला ना मागच्या आठवड्यात?

दादा : सुटला. तेच सांगायला फोन केला तुला. काल आला होता इथे.

बहीण : घरी?

दादा : दारात उभा. मला वाटलं, मारतो आता. म्हटलं, मारू दे. हातसुद्धा खाली सोडले मी. तर म्हणाला, आत येऊ का? बसला. बारीक झालाय फार. मुलगी तिच्या मावशीकडे आहे, ओळखत नाही म्हणाला अजून त्याला, जवळ घेतलं की रडते. मग म्हणाला, ती तुमच्याकडे दोनदा आली हे मला कोर्टात कळलं. घरी मला काहीच सांगितलं नव्हतं तिनं. मला फक्त सांगा, ती काय बोलली. तिचे शब्द सांगा.

बहीण : मग?

दादा : सांगितलं. सगळं सांगितलं. ओठाचं, स्वेटरचं, कानाचं. कुठल्या खुर्चीवर बसली होती ते. तो मध्ये मध्ये विचारत होता, रडली का, घाबरली होती का? मी म्हटलं, नाही, रागावली होती. ते त्याला बरं वाटलं. हसला थोडं. म्हणाला, हो, रागीट होती. म्हणून तर भांडायचो आम्ही.

बहीण : एवढंच बोलला?

दादा : जाताना म्हणाला, शेवटी काय म्हणाली, टेबलावरून उठताना?

बहीण : काय म्हणाली होती?

दादा : म्हणाली होती, हवालदार, लवकर लिहा, घरी वाट बघतायत. तिला घाई होती म्हणून मी थोडक्यात लिहिलं, असं त्याला सांगायला तोंड उघडलं होतं मी.

बहीण : सांगितलंस?

दादा : नाही. तिचं वाक्य तेवढं सांगितलं. बाकीचं माझं होतं.